बाबांच्या ग्लासात क्रीम तरंगायचं, आमच्या ग्लासात बुडायचं: आयरिश कॉफीची दुरुस्ती

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की आमच्याकडे गच्ची झाडायला निघते. नाशिकच्या इंदिरानगरात निफाडइतकी थंडी पडत नाही, पण शेकोटीला निमित्त पुरतं. ३१ डिसेंबरच्या रात्री आयरिश कॉफी, म्हणजे व्हिस्की घातलेली आणि वर क्रीम सोडलेली गरम कॉफी, करायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे आणि त्यातली पहिली तीन वर्षं ती फसली. दरवेळी दुखणं एकच. खाली काळीभोर कॉफी आणि वर बोटभर पांढरं क्रीम असा तो ग्लास दिसायला हवा. माझ्या हातून व्हायची ती गढूळ, पावसाळ्यातल्या गोदावरीच्या रंगाची दुधाळ कॉफी. क्रीम चमच्यावरून सोडलं की सरळ तळ गाठायचं. तिसऱ्या वर्षी मेहुणा म्हणालाच, "दाजी, थंड झालेला चहा म्हणून द्या, कोणाला कळणार नाही."

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या रिजेक्शनची कारणं शोधतो आणि घरी मात्र तीन वर्षं "क्रीमच भिकार होतं" असं म्हणून मोकळा होत होतो. खरं तर पुरावा दरवर्षी डोळ्यांसमोर होता. बाबा पीत नाहीत, म्हणून त्यांचा एक ग्लास बिनव्हिस्कीचा. तेच क्रीम, तीच कॉफी, तोच चमचा, ओतणारा हातही तोच. आणि त्यांच्या ग्लासात क्रीम दिमाखात वर बसलेलं! आमचे सहाही ग्लास बुडालेले. कामावर आम्ही नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवतो की चांगला नग आणि खराब नग शेजारी ठेवून फरक बघा. घरी ते सुचायला मला तीन डिसेंबर लागले.

आधी मूळ कृती सांगतो, म्हणजे बिघाड कुठे होतो ते कळेल. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं माप असं आहे: ५० मिली आयरिश व्हिस्की, १२० मिली गरम कॉफी, ५० मिली थंडगार ताजं क्रीम आणि एक चमचा साखर. साखर मी आता दोन चमचे घेतो, ते का ते पुढे येईल. गरम केलेल्या ग्लासात कॉफी ओतायची, साखर पूर्ण विरघळवायची, मग व्हिस्की, आणि शेवटी वरून क्रीम. क्रीम ढवळायचं नाही. थंड क्रीमच्या थरातून गरम कॉफी ओठांना लागली पाहिजे, सगळी गंमत त्यातच आहे. जाता जाता, आयर्लंडच्या मानक संस्थेने १९८८ साली या पेयाचं रीतसर मानक काढलं आहे. आपल्याकडे वडापावला आयएसआय मार्क मिळावा तसंच. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

बाबांच्या ग्लासात वेगळं काय होतं

दोन गोष्टी वेगळ्या होत्या. त्यात व्हिस्की नव्हती, आणि बाबांना साखर तीन चमचे लागते. आमच्या ग्लासांत एकच चमचा, कारण सगळ्यांनी नवीन वर्षाचे संकल्प आदल्या रात्रीच सुरू केलेले.

आता हलकं आणि जड यांचा हिशोब बघा. ७० अंशांच्या आसपासचं गरम पाणी लिटरला साधारण ९७८ ग्रॅम भरतं, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा हलकं. ४० टक्के अल्कोहोलची व्हिस्की त्याहून हलकी, लिटरला ९५० ग्रॅमच्या आत. म्हणजे गरम कॉफीत व्हिस्की घातली की ते मिश्रण आणखी हलकं होतं. फ्रीजमधून काढलेलं २५ टक्के फॅटचं पातळ क्रीम मात्र लिटरला हजार ग्रॅमच्या किंचित वर जातं. जड वस्तू हलक्या पाण्यावर ठेवली तर ती बुडणारच, त्यात क्रीमचा काय दोष? साखर याच्या उलट काम करते. ती विरघळली की कॉफी जड होते. बाबांच्या ग्लासात साखरेचं वजन होतं आणि हलकं करणारी व्हिस्की नव्हती. आमच्या ग्लासांत बरोबर उलट.

तर तुमच्याकडे कोणी व्हिस्की अंदाजपंचे ओतणारा असेल (आमच्याकडे मेहुणा), तर पहिलं निदान तिथेच होतं. ५० मिलीच्या जागी ९० मिली गेली की कॉफी हलकीही होते आणि गारही. ३० मिलीचं माप दीड वेळा भरा, ४५ मिली होते, तेवढी पुरते.

पण साखर वाढवत नेणं हा काही उपाय नाही, पाक होईल. खरा मार्ग क्रीम हलकं करणं. आणि क्रीम हलकं करायचं म्हणजे त्यात हवा भरायची.

एका रविवारी मी ओट्यावर चार ग्लास आणि बायकोचा केकचा वजनकाटा घेऊन बसलो. ६० मिलीचं स्टीलचं माप काठोकाठ भरून क्रीम तोललं. पाकिटातून थेट ओतलेलं क्रीम भरलं ६१ ग्रॅम. ते कुठल्याच ग्लासात तरंगलं नाही. मग बरणीत घालून चार-पाच वेळा हलवलं आणि पुन्हा तेच माप भरलं, ५९ ग्रॅम. हे तीन चमचे साखरेच्या बिनव्हिस्की कॉफीवर तरंगलं आणि व्हिस्कीच्या ग्लासात हळूहळू धुरासारखं खाली गेलं. म्हणजे दरवर्षी गच्चीवर जे होत होतं तेच, हुबेहूब. त्यानंतर चांगलं अर्धा मिनिट हलवलं, ५० ग्रॅम. आता चारही ग्लासांवर क्रीम तरंगलं, अगदी साखर न घातलेल्या ग्लासावरसुद्धा, फक्त तिथे ते लवकर विस्कटलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, कॉफी प्यायची आहे की पीएचडी करायची आहे?"

तेव्हापासून माझं एकच माप आहे. ६० मिली क्रीमचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबायचं. काटा नसेल तर चमच्यावरून बघा. आंबलेलं इडलीचं पीठ पळीतून जसं पडतं, तुटक नाही आणि पाण्यासारखंही नाही, तसं क्रीम पडायला हवं. पडताना वर उमटलेली रेघ दोन-तीन सेकंद दिसून मग विरली पाहिजे. रेघ उमटतच नसेल तर अजून हलवा. विरतच नसेल तर जास्त झालं.

साखर अजिबात चालत नसेल तर क्रीम थोडं जास्त फेटायचं. गोडव्याच्या गोळ्या घालून हे काम होत नाही. त्या जिभेला गोड लागतात, पण कॉफीला वजन देत नाहीत. सगळा भार मग हवेवर येतो.

क्रीम फेटलं जातच नाही

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात, मीही अडकलो होतो. किराणा दुकानातून आपण जे टेट्रापॅकचं फ्रेश क्रीम आणतो, त्यात फॅट २५ टक्के असतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत क्रीमचे तीन वर्ग आहेत: किमान २५ टक्के म्हणजे लो फॅट, ४० म्हणजे मीडियम आणि ६० म्हणजे हाय. पाकिटावर बारीक अक्षरात लो फॅट क्रीम असं लिहिलेलं दिसेल. ते काही डाएटवाल्यांसाठी लिहिलेलं नाही, वर्ग सांगितलाय. हे क्रीम पनीर माखनीसाठी उत्तम, पण फेटून उभं राहायला साधारण ३० टक्क्यांच्या पुढे फॅट लागतं. हवेच्या बुडबुड्यांभोवती फॅटचे कण एकमेकांना चिकटून कुंपण घालतात, तेव्हा हवा आत टिकते. कण कमी असले की कुंपणाला भगदाडं.

म्हणून पहिली पसंती व्हिपिंग क्रीमला, पण दुधाचं. पाकिटामागे घटकांत दुधाचं फॅट लिहिलेलं असलं पाहिजे. केकच्या सामानाच्या दुकानात व्हिपिंग क्रीम मागितलं तर बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं, आधीच गोड केलेलं हातात पडतं. ते फेटायला सोपं, फुगतं भरपूर, तरंगतंही झकास. पण ते कॉफीवर टोपीसारखं बसून राहतं, टाळ्याला तेलकट थर लागतो आणि चव वाढदिवसाच्या केकची येते. एका वर्षी मी ते वापरलं होतं. पोरांनी वरचं चाटून खाल्लं आणि ग्लास तसेच ठेवले, आत व्हिस्की नव्हती म्हणून बरं. (पोरांच्या ग्लासात बोर्नव्हिटा होतं, गैरसमज नको.)

२५ टक्केवालंच हाताशी असेल तरी काम निभावतं. पाकीट आदल्या रात्री फ्रीजमध्ये उभं ठेवा, दारात नाही, आत मागच्या बाजूला. दाराचा कप्पा सगळ्यांत गरम असतो. दुसऱ्या दिवशी पाकीट न हलवता कात्रीने वरून पूर्ण उघडा आणि चमच्याने फक्त वरचा घट्ट भाग काढा. खालचं पातळ भाजीला जाऊ द्या. हा घट्ट भाग बरणीत चाळीस-पन्नास सेकंद हलवला की पुरेसा होतो. तो तासभर टिकणार नाही, दहा मिनिटं टिकेल. म्हणून आधी करून ठेवू नका, कॉफी ओतल्यावर हलवायला घ्या.

थंडपणाचं महत्त्व मला उशिरा कळलं. फॅटचे कण थंडीत कडक होतात, तेव्हाच ते कुंपणाचं काम करतात. क्रीम चार-पाच अंशांवर पाहिजे आणि तेही काही तास तिथे राहिलेलं. घाईत फ्रीझरमध्ये घालून बघितलंत तर कडेचं गोठतं, मधलं कोमट राहतं आणि फेटल्यावर कण लागतात. बरणी किंवा भांडंही थंड करून घ्या. डिसेंबरात नाशिकचं स्वयंपाकघर आपोआप मदत करतं. मे महिन्यात करायची हौस आली तर भांडं बर्फाच्या ताटलीत ठेवून फेटा.

क्रीम थंडीत मुरवण्यावरून एक जुनी गोष्ट आहे. आयरिश कॉफीचा जन्म आयर्लंडमधल्या फॉइन्सचा. लिमरिक परगण्यात शॅनन नदीच्या खाडीवर समुद्री विमानांचा तळ होता. १९४३ च्या हिवाळ्यात खराब हवेमुळे परतलेल्या विमानातले गारठलेले प्रवासी उतरले आणि तिथला शेफ जो शेरिडन याने त्यांच्या कॉफीत व्हिस्की घातली, अशी ती हकिकत. पुढे स्टॅन्टन डेलाप्लेन नावाच्या प्रवासलेखकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत तिचं वर्णन केलं आणि १० नोव्हेंबर १९५२ च्या रात्री तो आणि मालक जॅक कोपलर ती जमवायला बसले. चव जमेना आणि क्रीम बुडायचं. शेवटी जॉर्ज ख्रिस्तोफर या डेअरीवाल्याने (पुढे तो शहराचा महापौर झाला) तोडगा दिला. क्रीम ४८ तास मुरू द्यायचं आणि मग बेताचं फेसाळायचं. त्या धंद्यातल्या मुरलेल्या लोकांचंसुद्धा क्रीम बुडत होतं, हे वाचल्यावर मेहुण्याचे टोमणे मला निम्म्याने कमी लागले.

घरची साय चालेल का?

हा प्रश्न आमच्याकडे आईने विचारला, व्हिस्कीचा विषय मध्ये न आणता. "एवढी म्हशीच्या दुधाची साय पडलीय फ्रीजमध्ये आणि तू क्रीम विकत आणतोस?" आता आईला नाही कसं म्हणणार. मी आठवड्याची साय भांड्यात घेतली आणि रवी फिरवली. मिनिटाच्या आत लोणी! शुभ्र, सुंदर लोण्याचा गोळा आणि खाली ताक. आई खूश झाली, तिने ते लगेच कढवायला घेतलं. माझी कॉफी तशीच राहिली.

कारण सोपं आहे. तापवलेल्या दुधावरच्या सायीत फॅटचे कण आधीच एकमेकांना चिकटलेले असतात. हवा धरण्याआधीच ते एक होतात. विरजण लावलेली साय तर मुळीच नको. आंबट असते, गरम कॉफीत लगेच फुटते.

तरी सायच वापरायची असेल तर एक मार्ग आहे आणि तो बराच चांगला आहे. एका रात्रीची ताजी साय घ्या, जुनी साठवलेली नको. तिच्या निम्म्याने गार दूध घाला, चमच्याने मोडून एकजीव करा आणि गाळणीतून चेपून काढा. पुन्हा तासभर फ्रीजमध्ये. मग रवी नाही, मिक्सर तर नाहीच, फक्त काट्याने किंवा हाताच्या व्हिस्कने हळू फेटा आणि दर दहा फेऱ्यांनी थांबून बघा. जरा दाट झालं की सोडून द्या. चव विकतच्या क्रीमपेक्षा सरस लागते, हे मी कबूल करतो. पण आठ जणांसाठी करायला बसू नका.

जास्त फेटून क्रीम दाणेदार व्हायला लागलं असेल तर घाबरू नका. गार पातळ क्रीम किंवा दूध चमचाभर घालून चमच्यानेच हलकं मिसळा, बहुतेक वेळा परत सैल होतं. पिवळट दाणे आणि पाणी वेगळं दिसलं तर मात्र गेलं, त्याला पोळीवर घ्या.

बॅटरीवर चालणारा फ्रॉदर (दूध फेसाळायचं छोटं यंत्र) असेल तर जपून. तीन-चार सेकंदांचे झटके द्या. माझा मेहुणा एकदा फोनवर बोलत फ्रॉदर फिरवत होता, फोन ठेवेपर्यंत श्रीखंड झालं होतं.

तरंगतं, पण मिनिटात विरघळतं किंवा तवंग येतो

क्रीम फेटलेलं बरोबर आहे, ठेवल्यावर छान बसतं, आणि घोट घेईपर्यंत कडेने पांढरे ओघळ खाली. इथे दोन कारणं असतात. पहिलं, साखर ढवळल्यावर कॉफी ग्लासात अजून गरगरत असते. फिरत्या पाण्यावर क्रीम सोडलं की ते आत ओढलं जातं. दहा सेकंद थांबा, पृष्ठभाग स्थिर दिसू द्या. दुसरं, उंचीवरून ओतणं. चमचा उलटा धरून त्याचं टोक कॉफीला जेमतेम टेकवा आणि चमच्याच्या पाठीवरून क्रीम सोडा. पहिला चमचाभर अगदी हळू. तो थर बसला की पुढचं त्याच्यावर अलगद पसरतं. ग्लासात वर बोटभर जागा आधीच सोडून ठेवलेली हवी, नाहीतर काठावर कसरत होते.

वर तेलाचे सोनेरी ठिपके दिसत असतील तर क्रीम जास्त फेटलं गेलंय, किंवा सायीचं आहे, किंवा कॉफी अगदी उकळती होती. प्यायला हरकत नाही, दिसायला मात्र रश्शाची तर्री. मिसळीवर शोभते, इथे नाही.

क्रीम फुटतं, बारीक कवड्या दिसतात

क्रीम नासकं असेलच असं नाही. गरम, आंबट कॉफीत क्रीममधली प्रथिनं गोळा होतात, आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर हे आणखी सहज होतं. आमच्या सोसायटीत नळाला महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि वापराला बोअरचं. एकदा पाणी गेलं होतं म्हणून बोअरच्या पाण्याची कॉफी केली आणि नेमक्या त्या दिवशी कवड्या आल्या. एकाच अनुभवावरून शिक्का मारणार नाही, पण तेव्हापासून कॉफीला पिण्याचंच पाणी.

हल्ली गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या कॅफेंत हलक्या भाजणीच्या फळांसारख्या आंबटसर बिया मिळतात. नुसत्या काळ्या कॉफीला छान, या कामाला नको. मध्यम ते गडद भाजणी घ्या.

आणि गूळ. तपकिरी साखर हवी म्हणून मी एकदा गूळ घातला, कोल्हापूरचा, उत्तम. दूध उतू गेल्यासारखं सगळं फुटलं. गुळाच्या चहात दूध फाटतं हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे, तोच प्रकार. तपकिरी साखर नसेल तर खांडसरी चालते, तीही नसेल तर पांढरी साखर. फरक चवीत पडतो, तरंगण्यात नाही.

शंका असली तर वाटीत थोडी कॉफी घेऊन त्यात चमचाभर क्रीम टाकून आधी बघा. सात ग्लास फुकट घालवण्यापेक्षा एक वाटी परवडली.

कोमट लागते

गणित करून बघा. १२० मिली कॉफी ८५ अंशांवर, त्यात ५० मिली व्हिस्की २५ अंशांची. मिश्रण ६८ अंशांच्या आसपास येतं. गच्चीवर थंडी, ग्लास थंड, वरून बर्फासारखं क्रीम. आमच्याकडे पहिल्या घोटाला ती सरबताच्या बेताला आलेली असायची.

ग्लासात उकळतं पाणी भरून दोन मिनिटं ठेवा, ते फेका आणि लगेच कॉफी ओता. एवढं केलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. व्हिस्की फार गार असेल तर मोजलेली व्हिस्की स्टीलच्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात मिनिटभर ठेवा. गॅस बंद करून, गॅसपासून लांब. शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये व्हिस्की गरम करू नका. तिची वाफ ज्योत पकडते आणि त्याला उकळी फुटायचीही वाट बघावी लागत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, म्हणून पाणी इथे ९८ अंशांना उकळतं. मेहुण्याने कोमट कॉफीचं खापर या दोन अंशांवर फोडून बघितलं, चाललं नाही.

ग्लास तडकणं हा याचाच भाऊबंद. भांडी बाजारातून मी हौसेने दांडीवाले सहा ग्लास आणले होते, दिसायला फार देखणे. गच्चीवर थंडीत मांडून ठेवले, वरून कढत पाणी, आणि एकाचं बूड अलगद वेगळं झालं. चूक माझीच. जाड काच आतून एकदम गरम होते, बाहेरून थंडच राहते, ताण येतो. ग्लास घरातच ठेवा, आधी कोमट पाण्याने विसळा, मग उकळतं. आत स्टीलचा चमचा उभा ठेवून त्याच्यावरून ओतायची आजीची युक्ती अजून कामाला येते. बोरोसिलिकेट काचेचे असतील तर ही काळजी बरीच कमी होते.

कॉफीची चव लागत नाही, किंवा नुसती कडू लागते

रोजच्या पातळपणाची कॉफी इथे हरवते. व्हिस्की आणि क्रीम मिळून तिच्याच जवळपास भरतात, म्हणून ती नेहमीपेक्षा दीडपट कडक पाहिजे. मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कडक कॉफी काढायचं भांडं) असेल तर छान. दाक्षिणात्य पितळी फिल्टरचं डिकॉक्शन असेल तर त्यात तेवढंच उकळतं पाणी. इन्स्टंट असेल तर १२० मिलीला दोन चमचे.

चिकोरीकडे, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीकडे, लक्ष द्या. आपल्याकडच्या मिश्र कॉफीत नियमाने किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. दुधाच्या कॉफीत चिकोरी गोड, दाट लागते. व्हिस्कीबरोबर ती करपलेल्या फोडणीसारखी जिभेवर बसते. निव्वळ कॉफी घ्या.

व्हिस्कीबद्दल थोडक्यात. आयरिश घेतली तर तिचा गुळगुळीतपणा कॉफीशी जमतो. धुरकट स्कॉच घालू नका, शेकोटीचा धूर ग्लासात उतरल्यासारखा वाटतो. कुणी डार्क रम घालतं, ती छान लागते, पण मग तिला आयरिश म्हणू नका, भांडणं होतात. आणि नाशिक म्हटलं की बाहेरचे पाहुणे वाइन घालून बघू म्हणतात. एकदा बघितलं. नको. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ आणि उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

जास्त माणसं असतील तर

चौथ्या वर्षी मी काय केलं ते सांगतो. क्रीमची दोन पाकिटं ३० तारखेला सकाळीच फ्रीजमध्ये मागे ठेवली. कॉफी एकदम करून थर्मासमध्ये भरली, साखर तिच्यातच विरघळवली, साखर-नकोवाल्यांची वेगळी. व्हिस्की मात्र थर्मासमध्ये घातली नाही, ग्लासात मोजूनच. ती कढत कॉफीत बंद राहिली की झाकण उघडताना नाकात जाते. जॅमच्या दोन बरण्या निम्म्या भरल्या (पूर्ण भरली तर हवेला जागा राहत नाही, कितीही हलवा) आणि ग्लास मांडून झाल्यावर एक मेहुण्याच्या हातात दिली. त्याला काम असलं की तो बोलत नाही.

दुसऱ्या फेरीला क्रीम जरा बसलेलं होतं. बरणी पुन्हा पाच-सहा वेळा हलवली, इडलीच्या पिठावर आलं.

फक्त बाबांचा ग्लास पहिला भरा. त्यांना साडेदहाला झोप येते.